सरस लावलाय

नारायणगावच्या पेठेत मांगीलाल शेठचं कापडाचं दुकान आहे. सुरतेच्या व्यापाऱ्यांशी तीस वर्षं बोलून बोलून त्यांच्या तोंडी एक शब्द बसला आहे, सरस. चहा चांगला झाला, सरस. पाऊस वेळेवर आला, सरस. त्यांचा मुलगा जिनेश म्हणतो, "पप्पांना कुणी तुमचं दुकान जळालं म्हणून सांगितलं, तरी आधी सरस म्हणतील आणि मग पळतील." या एका शब्दामुळे पिंपळवंडीच्या मंगलबाईंचे दोन दिवस कसे गेले, ते सांगायचं आहे.

मंगलबाई पन्नाशीला आल्या. त्यांचं माहेर डिंभ्याच्या वर, धरणाच्या पाण्याकाठी. भात आणि नाचणी करणारं घर. नवरा बाळासाहेब त्याच बाजूचा, पण पुण्यात एका फर्निचरच्या कारखान्यात सोळा वर्षं सुतारकाम केलेला. परत आल्यावर त्यांनी पिंपळवंडीत रस्त्याच्या कडेला पत्र्याची शेड घातली आणि जुन्या खुर्च्या नव्या करून द्यायला सुरुवात केली. लाकूड त्यांचं, गादी आणि कापड मंगलबाईंचं, अशी वाटणी होती. तीन वर्षांपूर्वी बाळासाहेबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. "बा" एवढा एकच आवाज उरला. तेव्हापासून ते शेडमध्ये खाटेवर पडून बघतात आणि मंगलबाई दोघांचं काम करतात. आमच्या कॉलेजच्या कार्यालयातल्या बारा खुर्च्या त्यांनी केल्या आहेत. त्यातली एकही अजून कुरकुरलेली नाही. म्हणूनच शेठने जुन्या खुर्च्यांसाठी कारागीर विचारला तेव्हा मी त्यांचं नाव सांगितलं.

शेडच्या मागे ऊस आहे. पाच वाजता शेळी आत घ्यायची आणि साडेपाचला शेडचं दार लावायचं, हा तिथला नियम. बिबट्या रोज येत नाही, पण कोणत्या दिवशी येणार ते सांगूनही येत नाही. गेल्या वर्षी त्यांच्या शेजाऱ्याचं कुत्रं दुपारी चार वाजता अंगणातून गेलं. मंगलबाईंचे हात कामात असले तरी एक कान कायम मागच्या उसातल्या पाचटाच्या सळसळीकडे असतो.

शेठच्या घरच्या खुर्च्या सहा. अस्सल सागवान, हाताला गोल वळण, पाठीला उभ्या पट्ट्या. शेठच्या आई प्यारीबाई लग्न होऊन या घरात आल्या, त्या वर्षी त्यांच्या सासऱ्यांनी पुण्याहून करून आणलेल्या. आता पाय डुगडुगत होते, काळं पॉलिश बोटाला चिकटत होतं आणि रेक्झिन फाटून काथ्या बाहेर आला होता. जिनेश म्हणाला, भंगारात देऊ, नवा सोफा घेऊ. प्यारीबाई म्हणाल्या, "आधी मला दे भंगारात, मग खुर्च्या दे."

त्यांना खुर्च्या हव्या होत्या त्या पारण्यासाठी. प्यारीबाईंचं वर्षीतप चाललं होतं. म्हणजे एक दिवस उपवास आणि एक दिवस जेवण, असं तेरा महिने. उपवासाच्या दिवशी फक्त उकळून गार केलेलं पाणी, तेही सूर्य मावळेपर्यंतच. अक्षय्यतृतीयेला उसाचा रस घेऊन हे तप सुटतं. प्यारीबाईंचं वय अठ्ठ्याहत्तर. गुडघे वाकत नाहीत, त्यामुळे पाटावर बसणं नाही. पारण्याला सासऱ्यांनी आणलेल्या आपल्या खुर्चीवरच बसायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

चैत्रात त्या स्वतः गाडीत बसून पिंपळवंडीला आल्या. शेडमध्ये उभ्या राहूनच त्यांनी मंगलबाईंना सांगितलं, "रंग कुठलाही दे. पण आत जनावराचं काही नको. चामडं नको, केस नको, लोकर नको, रेशीम नको. एवढं तप आता माझ्याच्याने पुन्हा व्हायचं नाही. याला डाग नको लागायला."

"न्हाई लागायचा, माजी," मंगलबाई म्हणाल्या आणि त्यांनी गळ्याला हात लावला. "आईची आण."

ही शपथ त्यांनी उगीच घेतली नव्हती. त्यांची आई नेहमी सांगायची, दुसऱ्याच्या उपासात खडा टाकू नये, आपल्याच घरावर दगड येतो. आईच्या अशा बऱ्याच गोष्टी मंगलबाई विसरल्या आहेत. ही विसरल्या नव्हत्या.

काम वीस दिवस चाललं. रंगावरून थोडी चकमक झाली. जिनेशने मोबाइलवर चित्रं दाखवून राखाडी रंग मागितला. प्यारीबाईंनी फोनवरून विचारलं, "सणाला राख फासायची का?" शेवटी फिका पिस्ता ठरला. मंगलबाईंनी पॉलिश पेपरने घासून घासून जुना थर काढला, प्रायमर मारला, रंगाचे दोन हात दिले. बैठकीला नवार, त्यावर काथ्या, त्यावर फोम आणि वर शेठच्याच दुकानातलं हळदी रंगाचं जाड सुती कापड.

सांध्यांचं काम त्यांनी रंगाच्या आधीच केलं होतं, आणि ते बाळासाहेबांच्या पद्धतीने. आजकालच्या फर्निचरला पांढरा डिंक चालतो, पण जुन्या खुर्चीच्या सांध्यात जुना सरस मुरलेला असतो. त्यावर पांढरा डिंक धरत नाही, वर्षभरात सांधा सुटतो. "सरसाला सरसच धरतो," असं बाळासाहेब म्हणायचे. गुळासारखे तपकिरी खडे त्यांनी पुण्याहून आणून ठेवले होते. ते डब्यात भिजवायचे, डबा गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवायचा, पातळ झाले की ब्रशने लावायचे. बाळासाहेबांचं बघून बघून मंगलबाई हे शिकल्या. सरस कशाचा होतो, हे त्यांनी कधी विचारलं नाही. दिसायला तो झाडाच्या डिंकासारखा, म्हणून झाडाचाच, असं त्या धरून चालल्या होत्या.

पारण्याला दोन दिवस होते तेव्हा दुपारी साडेचारला शेठचा फोन आला. मंगलबाईंचे हात रंगाने भरलेले, म्हणून त्यांनी स्पीकर लावून फोन खाटेवर बाळासाहेबांच्या उशाशी ठेवला.

"मंगलताई, उद्या अकराला टेम्पो येतोय. झालं ना सगळं?"

"झालं शेठ. निस्ता शेवटचा हात वाळतोय."

"आईने विचारायला सांगितलंय. आत फोमच ना?"

"फोम, काथ्या, नवार. दुसरं काय बी न्हाई."

"आणि ते पाय डुगडुगत होते, तिथे काय लावलंय?"

"सरस लावलाय, शेठ."

"सरस लावलंय!" शेठ खूश झाले. "तुमचं काम सरसच असतं. ठेवतो."

फोन बंद झाला आणि खाटेवरून आवाज आला. "बा!"

मंगलबाईंनी वळून बघितलं. बाळासाहेबांनी डावा हात डोक्यापाशी नेला होता आणि दोन बोटं वर केली होती. शिंगं.

शेळी बाहेर होती. हातातला ब्रश तसाच टाकून त्या मागच्या दाराने धावल्या. शेळी खुंट्याला बांधलेली, निवांत पाला ओढत होती. उसात काहीतरी सळसळलं. वारा असेल, नसेलही. त्यांनी दोर सोडला, शेळीला ओढत आत आणलं आणि दाराला आतून कडी घातली.

"आणली बगा. हाय धडधाकट. तुमी बी ना, जीव घेता माजा."

"बा! बा!" बाळासाहेब चिडले होते. त्यांनी डावा पाय खाटेवर आपटला. पुन्हा शिंगं केली. मग बोट पातेल्याकडे केलं, ज्यात सरसाचा डबा अजून तसाच होता. मंगलबाईंना कळेना. तेव्हा त्यांनी डाव्या हाताने आपल्या निर्जीव उजव्या हाताची कातडी चिमटीत धरली आणि वर ओढून दाखवली. मग मनगटाच्या हाडावर बोटाने टकटक केलं. परत शिंगं.

मंगलबाई डब्यापाशी गेल्या. इतकी वर्षं त्यांनी तो वास घेतला होता. सुतारकामाच्या शेडमध्ये शंभर वास असतात. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी डबा नाकाशी धरला.

"ह्यो जनावराचा हाय?"

बाळासाहेबांनी डोळे मिटून घेतले.

मंगलबाई तिथेच खाली बसल्या. शेळी खुर्चीच्या पायाला अंग घासत होती, ओला रंग तिच्या केसांना लागत होता, तरी त्यांनी तिला हाकललं नाही. थोड्या वेळाने त्यांना एक आशा वाटली. बदललेल्या एका आडव्या पट्टीचा जुना तुकडा कोपऱ्यात पडला होता. त्याच्या टोकाला जुना काळा थर होता. जुन्यात सरसच असतो हे ऐकलेलं, तरी तो थर दुसऱ्या कशाचा निघाला, तर निदान जुन्या खुर्च्या चोख होत्या आणि चूक फक्त आपली. त्यांनी पाणी तापवून तुकडा त्यात बुडवला. थर मऊ झाला, बोटाला चिकटला आणि तोच वास आला. त्यांना एकदम समजलं की प्यारीबाई लग्न होऊन आल्यापासून याच सरसावर बसत आल्या आहेत. खरं सांगितलं तर वीस दिवसांचं काम जाणार होतं, आणि एका म्हाताऱ्या बाईची सगळी वर्षंही.

काम परत करायला वेळ नव्हता. सांधे उसवून, कोरं लाकूड लागेपर्यंत खरवडून, पांढरा डिंक लावून शिकंज्यात धरायचं म्हटलं, तर एका खुर्चीला दोन दिवस. सहा खुर्च्या आणि हातात एक सकाळ. गप्प बसणं सोपं होतं. सांध्याच्या आत कोण बघणार होतं? खोटंही बोलायचं नव्हतं. शेठने विचारलं होतं, त्यांनी उत्तर दिलं होतं. फक्त शेठने ते दुसरंच ऐकलं.

पण गळ्याला हात लावला होता. आणि घरात दगड तर आधीच एक पडलेला होता, खाटेवर. दुसरा कुणावर पडेल, या विचाराने त्यांनी बाळासाहेबांच्या छातीवर हात ठेवून श्वास चालू आहे का बघितला. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं, आणि सांगताना हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी अकराला टेम्पो आला. ड्रायव्हरच्या शेजारी मंगलबाई बसल्या. शेठच्या घरी त्या वेळी मी होतो, पारण्याच्या पाहुण्यांची यादी गावाप्रमाणे लावून द्यायला. खुर्च्या दिवाणखान्यात मांडल्या गेल्या. खरोखर देखण्या झाल्या होत्या. पिस्ता रंग, हळदी बैठक, हाताचं वळण उठून दिसत होतं.

"वा! सरस!" शेठ म्हणाले.

मंगलबाईंनी दाराची चौकट धरली.

"बघा सर, तुम्ही सुचवलेलं माणूस. सरस! एक कुरकुर नाही." शेठ प्रत्येक खुर्ची हलवून बघत होते. "ताई, मंचर, ओतूर, आळेफाटा, सगळीकडच्या आमच्या लोकांना मी सांगून ठेवलंय. आपल्या घरात चालेल असं काम करणारी एकच बाई आहे. दहा फोन आलेत, दहा!"

"फोटो टाकतो," जिनेश म्हणाला. "ताई, जरा खुर्चीशेजारी उभ्या राहा. हसा की. कुणी मेलंय का?"

मंगलबाईंचा चेहरा इतका पांढरा पडला होता, की उन्हामुळे चक्कर आली असेल असं वाटून मी पाणी मागवलं. त्यांनी ते घेतलं नाही. तेवढ्यात शेठची बायको रीना प्यारीबाईंना हाताला धरून बाहेर घेऊन आली. उपवासाचा दिवस होता. प्यारीबाई एका बाजूला झुकून, पाऊल मोजून चालत होत्या. खुर्च्या बघून त्यांनी दाराजवळच्या खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवला.

"ही माझी. सासरेबुवांनी हिच्यावरच बसवलं होतं मला, पहिल्या दिवशी." आणि त्या बसायला वळल्या.

मंगलबाई पुढे झाल्या आणि त्यांनी बैठकीवर आपला हात ठेवला. "बसू नका, माजी."

सगळे थांबले. मंगलबाईंना पुढचं वाक्य दोनदा म्हणावं लागलं.

"सांध्याला सरस लावलाय. तो जनावराच्या कातड्या-हाडांचा असतो. मला ठावं नव्हतं. काल कळलं."

"अहो, पण तुम्हीच म्हणालात," शेठ गोंधळले, "सरस लावलंय म्हणून."

"लावलाय म्हणले, शेठ. लावलंय न्हाई. लावलाय."

शेठला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "उद्या पारणं! दोनशे माणूस! आणि आता सांगताय? यापेक्षा तुम्ही गप्प बसल्या असत्या तर..."

"तर काय, मांगी?" प्यारीबाईंनी विचारलं.

शेठने कपाळावरचा हात खाली घेतला.

प्यारीबाई रीनाच्या खांद्यावर भार टाकून उभ्याच होत्या. त्यांनी मंगलबाईंकडे बघितलं आणि तो प्रश्न विचारला, ज्याची मंगलबाईंना सगळ्यात जास्त भीती होती.

"जुन्यालाही होता?"

मंगलबाईंनी माझ्याकडे बघितलं.

"व्हता, माजी. पयल्यापासून."

प्यारीबाईंचे ओठ हलत होते. त्या वर्षं मोजत होत्या, असं मला वाटलं. मग त्यांनी हात जोडले, आमच्यापैकी कुणाकडेही न बघता, आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मिच्छा मि दुक्कडं." जैन घरांत जाणता-अजाणता झालेल्या हिंसेची क्षमा अशी मागतात.

"जुनं माझ्या माथी," त्या म्हणाल्या. "नवं तुझ्या माथी. तू काय सोडतेस?"

मंगलबाईंना समजलं नाही. रीनाने सांगितलं, चूक झाली की आमच्याकडे एखादी गोष्ट सोडायची बाधा घेतात. कुणी साखर सोडतं, कुणी चप्पल सोडतं.

"सरस सोडला," मंगलबाई पटकन म्हणाल्या.

"विचार करून बोल. मग जुने सांधे कशाने धरशील?"

"कोरं लाकूड लागस्तवर खरवडीन. दुप्पट दिस लागत्याल. लागू द्या." मग त्यांनी धीर करून विचारलं, "माजी, तुमचं वरीस वाया गेलं का?"

"ते मी कशी सांगू? साध्वीजींना विचारायला पाहिजे. उद्याचा ऊस तुझ्याच मागच्या शेतातून यायचा आहे ना? तूच घेऊन ये."

ना होकार, ना नकार. एवढंच उत्तर घेऊन मंगलबाई रिकाम्या टेम्पोतून परत गेल्या.

अक्षय्यतृतीयेला सकाळी सातला मंगलबाई उसाच्या मालकाबरोबर उसात शिरल्या. एरवी त्या उसाच्या कडेलाही एकट्या जात नाहीत. त्या दिवशी बिबट्याची आठवणसुद्धा झाली नाही, असं त्या म्हणतात, आणि हे त्यांना स्वतःलाच खरं वाटत नाही. मोळी घेऊन त्या नारायणगावला आल्या आणि मांडवाच्या बाहेरच उभ्या राहिल्या. आत दोनशे माणसं. आपल्या खुर्च्या फेकून दिल्या असतील, असं धरूनच त्या आल्या होत्या. खुर्च्या ओसरीवर ओळीने होत्या आणि पाहुणे त्यांच्यावर बसले होते. प्यारीबाई मात्र मधोमध, मांडववाल्याच्या लाल प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. वीस दिवस घासून रंगवलेल्या सागवानी खुर्च्या बाजूला आणि तपस्विनी प्लॅस्टिकवर. मंगलबाईंना वाटलं, हेच उत्तर.

रस निघाला. घरातले एकेक जण छोट्या लोट्यातून प्यारीबाईंना रस देऊ लागले. मुलगा, सून, नातू झाले. मग प्यारीबाईंनी मान उंचावून दाराकडे बघितलं आणि रीनाला काहीतरी सांगितलं. रीना बाहेर आली. "ताई, चला. आई बोलावतायत."

"मी कशाला?"

"साध्वीजी म्हणाल्या, न कळत झालं ते झालं, कळल्यावर बसल्या नाहीत, तप अखंड आहे. काल संध्याकाळीच म्हणाल्या." रीना थबकली. "तुम्हाला कुणी फोन नाही केला?"

कुणीच केला नव्हता. दोनशे माणसांच्या धांदलीत राहून गेलं होतं.

मंगलबाईंनी लोटा धरला तेव्हा हात इतका थरथरत होता, की निम्मा रस प्यारीबाईंच्या पदरावर सांडला.

"हात का कापतो गं? यात काही नाही ना?"

"न्हाई माजी. निस्ता ऊस."

प्यारीबाईंनी घोट घेतला. शेजारी उभ्या असलेल्या शेठच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "सरस?" आणि मंगलबाईंच्या हातून उरलेला रसही सांडला. त्यावर आधी प्यारीबाई हसल्या, मग बाकीचे.

या गोष्टीला वर्ष झालं. त्या दहा फोनांपैकी सहा जणांनी नंतर कळवलं नाही. शेठने सगळ्यांना सरसाची गोष्ट सांगितली होती आणि लागणारे दिवसही. चौघांच्या खुर्च्या मात्र पिंपळवंडीला आल्या. मंगलबाई आता एकेक सांधा उसवून, खरवडून, कोरं लाकूड दिसेपर्यंत साफ करतात. प्यारीबाईंच्या सहा खुर्च्याही पावसाळ्यानंतर पुन्हा शेडमध्ये आल्या होत्या. दाराजवळची ती एक आधी झाली. प्यारीबाई आता तिच्यावर बसतात.

परवा मी शेडमध्ये गेलो होतो तेव्हा मंचरचं एक गिऱ्हाईक खुर्ची घेऊन आलं. त्याने खुर्ची खाली ठेवताच खाटेवरून बाळासाहेबांनी "बा" केलं आणि डोक्यावर दोन बोटं उभी केली. गिऱ्हाईक दचकून मागच्या उसाकडे बघू लागलं. "काय हो, आहे का इथे जवळपास?"

"तुमच्या खुर्चीत असंल, पावणं," मंगलबाई म्हणाल्या. "बसा. उसवून बगते."

बोलता बोलता त्यांनी घड्याळ बघितलं. पाचला दहा कमी होते. त्या आधी शेळी आणायला गेल्या.